परत गेलेले पाट

आमच्याकडे गणपतीची शाळा होती. कोकणाबाहेरच्या माणसाला हे फोडून सांगावं लागतं, नाहीतर तो पाटी-दप्तराची शाळा समजतो. आषाढ लागला की बाबा हायस्कुलातून घरी येत, शर्ट खुंटीला टांगत आणि पुढच्या पडवीत माती घेऊन बसत. ठरलेली घरं आपापला पाट आणून देत. पाटावर विडा, नारळ आणि खालच्या अंगाला खडूने घराची खूण. त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडायचा आणि चतुर्थीला तोच पाट डोक्यावर घेऊन माणसं वाजतगाजत घरी जायची. काही घरांचे पाट माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे येत होते.

मूर्ती बाबा करायचे, रंग आई आणि मी द्यायचो आणि डोळे काका काढायचा. डोळ्यांच्या आखणीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असा नियम कोणी केला नव्हता, पण तसंच चालत आलं होतं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बाजारातून चालताना बघावं तर अर्ध्या दुकानांची नावं त्याच्या हातची. गणपतीच्या आधी मात्र तो ते काम बंद ठेवायचा. आंघोळ करून मूर्तीसमोर मांडी घालून बसायचा आणि तिच्याशी बोलत बोलत बारीक कुंचल्याने डोळे काढायचा. "हां, आता हलू नका. झालंच." शेवटचा काळा ठिपका ठेवला की मागे सरून विचारायचा, "बघा, दिसतंय काय नीट?" आम्ही हसायचो. पण तोवर जी नुसती रंगवलेली माती असायची, ती त्या क्षणी आपल्याकडे बघायला लागायची हे खरं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते.

आमच्या गावात वेड्यांचं इस्पितळ आहे. त्यामुळे साऱ्या मुलखात कोणी जरा वेडंवाकडं बोललं की लोक म्हणतात, "ह्याला रत्नागिरीला पोचवा." लग्नाकार्याला कोल्हापूरकडे गेलो की कोणीतरी विचारायचंच, "रत्नागिरीचे काय? आतले की बाहेरचे?" काका या थट्टेला कधी चिडत नसे. "सध्या बाहेरचे," म्हणायचा. "जागा झाली की कळवतो." आणि सगळ्यांच्या वरताण स्वतःच हसायचा.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि काका गप्प झाला. आधी आम्हाला वाटलं, ताप येऊन गेला त्याचा थकवा असेल. पुढे तो रात्रीचा झोपेना. रेडिओवर बातम्या लागल्या की उठून बंद करायचा. विचारलं तर म्हणाला, "माझं नाव घेतात ते. तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं." पडवीच्या फळीवर काही कच्च्या मूर्ती नमुन्यासाठी ठेवलेल्या असायच्या, त्या त्याने एकेक करून भिंतीकडे तोंड करून ठेवल्यान. आईने ग्रामदेवतेला कौल लावून घेतला. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं लग्न न झाल्यामुळे असं होतं, कोणी एका बुवाचा अंगारा आणून दिलान. आईने सगळं केलं. तिच्यापाशी जेवढे उपाय होते तेवढे ती करत राहिली. त्यात दोन महिने गेले.

एक दिवस भर दुपारी काका नाक्यावर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि एस.टी. अडवून धरलीन. आतल्या माणसांना खाली उतरायला सांगत होता. "ही गाडी जाऊ देऊ नका, पुढे खाईत पाडणार आहेत." बघायला ही गर्दी जमली. कोणी हसत होतं, कोणी एक बारका दगड मारलान, तो त्याच्या कपाळाला लागला. बाबांना शाळेत निरोप गेला. बाबा आले, गर्दीतून आत शिरले आणि काकाचा हात धरून म्हणाले, "चल, आपण दोघं मिळून बंदोबस्त करू." काका मुकाट्याने त्यांच्याबरोबर चालू लागला. बाबा त्याला घरी न आणता थेट इस्पितळात घेऊन गेले. संध्याकाळी एकटेच घरी आले आणि चूळ भरायला विहिरीपाशी गेले ते कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले.

रविवारी भेटायला सोडायचे. पहिल्या रविवारी मी बाबांबरोबर गेले. मनात काहीबाही कल्पना होत्या, कारण आम्ही लहानपणापासून त्या कुंपणाच्या भिंतीजवळून जाताना पळत जायचो. आत झाडं होती, झाडलेलं अंगण होतं आणि माणसं होती. काका एका बाकावर बसला होता. चेहरा सुजल्यासारखा, बोलणं जड. आईने दिलेली खोबऱ्याची वडी त्याने हातात घेतली तेव्हा हात थरथरत होता. बराच वेळ तो वडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाय, वहिनी बरी आहे ना गो?" त्याच्या नेहमीच्या लाडाच्या त्या एका "बाय" शब्दावर मला रडू फुटलं. बाबा म्हणाले, "रडायला काय झालं? बोलतोय की."

तिथले एक तरुण डॉक्टर होते, त्यांनी बाबांना आणि मला बसवून सांगितलं. हा आजार आहे. डोक्याचा आहे म्हणून निराळा वाटतो, इतकंच. पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही, पण गोळ्या नेमाने चालू ठेवल्या तर माणूस घरात राहू शकतो, काम करू शकतो. "न्याल ना घरी?" त्यांनी विचारलं. बाबांना तो प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? घर त्याचंच आहे," ते म्हणाले. डॉक्टर जरा हसले. मला वाटतं, असं उत्तर त्यांना रोज मिळत नसावं.

आंब्याच्या दिवसांत काका घरी आला. आम्हाला आनंद झाला आणि त्याच संध्याकाळपासून माणसं यायला लागली. कोणी पपई घेऊन, कोणी नुसतीच. काकाला पुढच्या पडवीत बसवलेला असायचा आणि माणसं त्याच्यासमोरच आईला विचारायची, "आता बरा आहे ना? मारत नाही ना कोणाला?" काकाने जन्मात कोणावर हात उगारला नव्हता. आई म्हणायची, "त्यांनाच विचारा की, समोर बसलेत." त्याला कोणी विचारायचं नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, पण काकाला ते असतील असं कोणाच्या मनात येत नव्हतं.

एक दिवस तो दाढी करायला नाक्यावरच्या सलूनमध्ये गेला. लगेच परत आला, दाढी तशीच. आईने विचारलं तर म्हणाला, "गर्दी होती." मला नंतर बाजारात कळलं. तो आत गेल्यावर बाकावरची माणसं एकेक करून उठून गेली आणि न्हावी वस्तरा हातात धरून नुसता उभा राहिला. त्याला भीती वाटली असणार. काकाने ते बघितलं आणि "मग येतो" म्हणून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मागच्या अंगणात खुर्ची मांडली, वाटीत गरम पाणी घेतलं आणि काकाला हाक मारली. बाबा तसे कडक माणूस. धाकट्या भावाशी कामापुरतं बोलायचे, अंगाला हात लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्या दिवशी त्यांनी त्याच्या गालाला साबण लावला, हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि सावकाश दाढी करायला लागले. "हलू नको रे," म्हणाले. काका म्हणाला, "दादा, तुझा हात जड आहे." बाबा म्हणाले, "पोरांना मारून झालाय." दोघंही हसले. मी केळीच्या बुंध्याशी भांडी घासत होते. खाली मान घालून एकच तपेली कितीदा घासली ती.

आषाढ आला. पाट यायला लागले, पण रेंगाळत. नेहमी येणारी माणसं रस्त्यावरून जाताना पडवीकडे बघून जायची. जे पाट आले ते आम्ही भिंतीशी ओळीने लावून ठेवले. काका मागच्या पडवीत माती मळायचा. माती मळायला हात थरथरला तरी चालतो. पिंजलेला कापूस मातीत घालून तो तासन्‌तास तुडवायचा, थापायचा, लोण्यासारखी माती करायचा. त्या कामाने त्याला बरं वाटायचं. जेवणही चांगलं जायचं.

एका दुपारी खाडीवरच्या घरातले गृहस्थ आले. त्यांचा पाट आठवड्यापूर्वीच येऊन पडला होता. बसले, पाणी प्यायले, पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "मास्तर, यंदा डोळे कोण काढणार?"

"दरवर्षी काढतो तोच," बाबा म्हणाले.

 गृहस्थ खाली बघत म्हणाले, "रागावू नका. माझ्या मनात काही नाही. पण घरात लग्नाची मुलगी आहे. देवाच्या नजरेचा प्रश्न आहे. ज्याची नजर फिरली त्याने देवाची नजर... घरची बायकामाणसं ऐकत नाहीत हो."

 मी दारात उभी होते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. एवढ्यात काका मागून आला. कोपरापर्यंत माती. त्याने सगळं ऐकलं होतं. कळशीतल्या पाण्याने हात धुतले, भिंतीजवळून त्यांचा पाट शोधून काढला, खांद्यावरच्या पंच्याने नीट पुसला आणि म्हणाला, "वहिनी, अक्षता आणि सुपारी दे. पाट रिकामा पाठवू नये."

आईने आत जाऊन अक्षता आणल्या. काकाने पाट त्या गृहस्थांच्या हातात दिला. "खालचा एक पाय सैल झालाय," तो म्हणाला, "नवा खिळा मारून घ्या, नाहीतर विसर्जनाला घात होईल." गृहस्थ मान वर न करता गेले. काका परत मातीकडे गेला. त्या आठवड्यात आणखी पाट परत गेले. काही माणसं स्वतः आली, काहींनी गडी पाठवला. भिंतीशी ओळीत जागोजाग फटी पडल्या.

आता जे कोणाला ठाऊक नव्हतं ते सांगते. डोळे काढणं काकाला तसंही जमणार नव्हतं. एका दुपारी घरात सगळे निजलेले बघून तो एका लहान मूर्तीसमोर बसला. मी जागी होते, पण त्याला दिसले नाही. त्याने कुंचला उचलला आणि डाव्या मनगटावर उजवा हात टेकवून रेघ ओढायला गेला. रेघ वाकडीतिकडी झाली. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ओढलीन. पुन्हा तेच. मग कुंचला पाण्यात बुडवून स्वच्छ धुतलान, कोरडा केलान आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाय, जागी आहेस काय?"

"आहे."

"ये इकडे. तू शिक."

मी म्हटलं, "मला कुठलं जमतंय. आणि बाईमाणसाने डोळे काढलेले चालतील काय लोकांना?"

"लोकांना मी चालत नाही, तू चालत नाहीस. मग उरलं कोण?" तो म्हणाला. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात जुनी गंमत होती. "बस. कुंचला असा धर. असा नाही गो, झाडू धरल्यासारखा. लेखणी धरतेस तसा."

पुढचे किती दिवस मी जुन्या पाटीवर नुसते डोळे काढत होते. काका शेजारी बसायचा. आधी वरची पापणी, नाकाकडून कानाकडे. श्वास सोडताना रेघ ओढायची, घेताना नाही. ठिपका बरोबर मध्ये ठेवलास तर देव रागावलेला दिसतो, जरा खाली ठेव, म्हणजे बसलेल्या माणसाकडे बघेल. गोळ्यांनी त्याची जीभ जड झाली होती, वाक्य अर्धवट राहायचं, पण या विषयावर तो बोलत राहायचा. माझा एखादा डोळा बरा आला की म्हणायचा, "हा बघतोय." वाईट आला की, "हा निजलाय."

पुढे हे बाबांना आणि आईला कळलं. आईच्या मनात एक विचार आला. ती जेवताना म्हणाली, "मग लोकांना सांगून टाकू या की. यंदा भावोजी डोळे काढणार नाहीत, मुलगी काढत्ये. गेलेले पाट परत येतील."

काका म्हणाला, "सांगा. मला काही वाटायचं नाही."

मला वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे ते म्हणणार, बरं झालं, शहाणपणा केलात, त्याला बाजूला ठेवलात."

बाबा भात कालवत होते. कालवायचे थांबले. मग म्हणाले, "कोणाला काही सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर सांगा, डोळे आमच्या घरात काढले जातात. पटत असेल तर पाट ठेवा." आणि जेवायला लागले. आईही मग त्या विषयावर बोलली नाही. उलट दुसऱ्या दिवशी एक बाई तिला विहिरीवर विचारायला आल्या तेव्हा तिने हेच उत्तर बाबांपेक्षा मोठ्याने दिलंन.

श्रावणात पालीच्या पुढच्या एका वाडीतून आम्ही मावशी म्हणायचो त्या बाई आल्या. त्या शेतकरी घरातल्या. पूर्वी त्यांचं कुटुंब आमच्या शेजारी राहायचं. पुढे ते गावी परतले, पण पाट आमच्याकडेच यायचा. डोक्यावर पाट घेऊन त्या एस.टी.ने आल्या होत्या. स्टँडवर त्यांना कोणीतरी काकाचं सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी पाट खाली ठेवला आणि आईला विचारलं, "भाऊ कुठं हाय?"

"मागे, माती मळतायत."

त्या थेट मागे गेल्या. मी चहा घेऊन त्यांच्या पाठोपाठ. काकासमोर उकिडव्या बसून त्यांनी विचारलं, "काय रे, झोप लागते काय तुला?"

काका चमकला. "लागते. गोळी घेतली की लागते."

"जेवतोस?"

"जेवतो."

"आणि ते कानात बोलतात ते? अजून बोलतात?"

काकाचे हात मातीतच थांबले. डॉक्टर सोडले तर हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा. "कधीतरी," तो म्हणाला. "लांबून. मी आता त्यांच्याकडे लक्ष देत नाही. पण मावशी, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावला आणि सांगू लागल्या. त्यांचा मुलगा मुंबईला कामाला. सून गावी. पहिल्या बाळंतपणानंतर काही महिन्यांत सून एकटीच बोलायला लागली, रात्रीबेरात्री उठून रानात जायला लागली. मूल रडत पडलं तरी तिला ऐकू यायचं नाही. शेवटी तिला पाठच्या खोलीत ठेवली. गावाला सांगितलं, माहेरी गेली. माहेरी काही कळवलंच नाही. मुलाला एवढंच कळवलं की बरं नाही. "लोक म्हणतील, सासूने छळलंन म्हणून अशी झाली," त्या म्हणाल्या. "मी तिला कधी बोटसुद्धा लावलं नाय रे. पोर मीच वाढवत्ये."

"खोलीचं दार लावून घेता?" काकाने विचारलं.

"भायरून. न्हायतर जाते पळून."

 काका मातीचा गोळा या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "आत असताना बाहेरून कडी लागल्याचा आवाज येतो ना मावशी, तो फार वाईट. बाकीचं सोसतं माणूस."

मावशी रडायला लागल्या. काका उठला, त्यांच्या हातातला चहा कलंडत होता तो काढून बाजूला ठेवलान. "तिला इकडे आणा," म्हणाला. "इस्पितळात."

"गणपती होऊ देत. मग आणते."

"गणपतीची वाट कशाला बघायची?" काका म्हणाला. आवाज चढवलेला मी त्याचा त्या वर्षात तेवढाच ऐकला. "उद्या आणा, परवा आणा. मी येतो तुमच्याबरोबर दारापर्यंत."

बाबांनी डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं. दोन-तीन दिवसांनी सकाळच्या गाडीने मावशी, त्यांचा पुतण्या आणि सून अशी तिघं आली. स्टँडवर काका आणि मी गेलो होतो. सून माझ्याच वयाची असेल. पदर नाकापर्यंत ओढलेला, केसांना तेल नाही, पायांत वहाणा नाहीत. इस्पितळाच्या फाटकापर्यंत ती आली आणि तिथे जी उभी राहिली ती राहिली. पुतण्याने हात धरून ओढायला बघितलं तशी ती खाली बसली आणि फाटकाच्या गजाला मिठी मारलीन. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

काका पुतण्याला म्हणाला, "सोड तिला." आणि तो स्वतःही तिच्यापासून जरा अंतर ठेवून त्या जांभ्या दगडाच्या कट्ट्याला टेकून खाली बसला, धोतर मातीत लोळतंय याची पर्वा न करता. तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत बोलायला लागला.

"मी इथे होतो. बरेच दिवस. डाळ पातळ असते, भात बरा असतो. चहा फार गोड असतो, तुला आवडतो काय गोड? पहिल्या दिवसांत झोपच झोप येते, त्याला घाबरायचं नाही. जीभ जड होते, हात थरथरतात. माझे बघ अजून थरथरतात." त्याने हात पुढे करून दाखवला. "पण ते बोलणारे लांब जातात. एकदम जात नाहीत. आधी दुसऱ्या खोलीत जातात, मग अंगणात, मग गडग्यापलीकडे."

ती त्याच्या हाताकडे बघत होती. मावशी म्हणाल्या होत्या, किती दिवसांत ती कोणाशी बोलली नव्हती. आता तिने खूप हळू विचारलं, "दार लावतात?"

काका खोटं बोलला नाही. "रात्री लावतात," म्हणाला. "सकाळी उघडतात. रोज उघडतात."

तिने गज सोडला. उठताना तोल गेला तेव्हा मी तिचा हात धरला, आणि आम्ही सगळे आत गेलो.

काकाने तिला सांगितलं होतं, रविवारी येईन. दर रविवारी तो जायचा. ज्या फाटकातून सुटून आला त्याच फाटकातून आपण होऊन आत जायचा, आईने दिलेला डबा घेऊन. मावशींना पालीहून दर आठवड्याला जमत नसे. बाबांना काळजी वाटायची. "लोक बघतात," ते एकदा म्हणाले. "त्यांना वाटेल तुला परत टाकला." काका म्हणाला, "वाटू दे. पुढचा डबा न्यायला तर घरी परत येतोच ना मी."

त्या चतुर्थीला आमच्या पडवीत थोडेच गणपती होते. सगळ्यांचे डोळे मी काढले. काका एकेका मूर्तीसमोर बसून बघत गेला. मावशींच्या गणपतीपाशी थांबून म्हणाला, "डावा डोळा जरा लाजतोय." मी पुसायला फडकं घेतलं तर म्हणाला, "राहू दे. बरा दिसतो."

सून दिवाळीनंतर घरी गेली. मुंबईहून नवरा आला होता न्यायला, आणि बाबांनी त्याला आमच्या पडवीत बसवून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. त्याने तिला मुंबईला नेलंन नाही, आणि टाकलंनही नाही. सुट्टीत यायचा. ती सासूबरोबर शेतावर जाऊ लागली. एकदा गोळ्या बंद करून पुन्हा आजारी पडली, पुन्हा इस्पितळात आली, पुन्हा बरी झाली. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा तिने घावणे केले होते आणि पोर तिच्या पाठीवर चढून बसलं होतं. खोलीचं दार मात्र मावशींनी काढून टाकलं होतं. नुसती चौकट होती, त्यात जुन्या लुगड्याचा पडदा.

काकाचंही असंच वरखाली चालू राहिलं. लोक बदलले असं मी म्हणणार नाही. लोकांना सवय झाली. न्हावी पुढच्या वर्षी स्वतःच म्हणाला, "या की, बसा." काही पाट परत आले, काही कधीच आले नाहीत. खाडीवरचे गृहस्थ बाबांना रस्त्यात नमस्कार करायचे आणि शेजारी काका असला की दुसरीकडे बघायचे. काका मात्र त्यांना न चुकता हात करायचा. दशक संपत आलं तेव्हा तो पुन्हा पाट्या रंगवू लागला. मोठी अक्षरं त्याला जमायची.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा बाबांनी एक ठरवलं होतं. पत्रिका, शिक्षण हे नंतर, आधी हे सांगायचं. मालगुंडकडचं एक स्थळ चांगलं होतं. मुलाकडची माणसं घरी आली, पोहे झाले आणि बाबा म्हणाले, "माझा भाऊ इस्पितळात होता. अजून औषधं चालू आहेत. हा इथेच बसलाय." ती माणसं पुन्हा आली नाहीत. आईने पोह्यांच्या बश्या जरा आपटून धुतल्या, एवढंच.

पुढे दुसरं स्थळ आलं. तेव्हाही बाबांनी तसंच सांगितलं. मुलाची आई ऐकत होती. मी आतून बघत होते. काका कोपऱ्यात हात मांडीखाली दाबून बसला होता, म्हणजे थरथर दिसू नये. त्या बाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, "त्या गोळ्यांबरोबर तुम्हाला तिखट चालतं ना हो? आमच्याकडे जेवणात तिखट जरा जास्त असतं. लग्नानंतर तुम्ही येणार-जाणार, म्हणून आधीच विचारून ठेवते."

काकाने मांडीखालून हात बाहेर काढले. "चालतं," तो म्हणाला. "माशाचं कालवण असेल तर पळतं."